‘बाईकवरून पडला’ असं लिहू नका: कामावरचा अपघात, त्याची नोंद आणि भरपाई

पॉवर प्रेसमध्ये बोटं सापडलेल्या कामगाराला दवाखान्यात नेताना रिक्षातच पढवलं जातं, “डॉक्टरांनी विचारलं तर बाईकवरून पडलो म्हणून सांग.” सुपरवायझर शेजारी बसलेला असतो, बिल कंपनी भरणार असते आणि माणूस वेदनेने इतका गळून गेलेला असतो की तो नुसती मान डोलावतो. केसपेपरवर ‘गाडीवरून पडून इजा’ असं लिहिलं जातं. तीन-चार महिन्यांनी, हात पूर्वीसारखा चालणार नाही हे कळल्यावर तो भरपाई मागायला जातो, तेव्हा हाच कागद त्याच्यापुढे धरला जातो.

प्रथमोपचार, अपघाताची खबर आणि नुकसानभरपाई हे तीन विषय कायद्यात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. प्रत्यक्षात मात्र ते एकामागोमाग येतात आणि पहिल्या दिवशी काय लिहिलं गेलं यावर शेवटी काय हाती पडणार हे बरंचसं ठरतं. म्हणून कामगाराने आणि छोट्या कारखानदाराने, दोघांनीही हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी कायद्याची ओळख थोडक्यात. कामावर इजा झाली तर मालकाने पैसे द्यायचे, ही जबाबदारी आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आली. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. पुढे १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आणि राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, असे दोन कायदे आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांपैकी सामाजिक सुरक्षेची संहिता भरपाई आणि ईएसआयचा भाग सांभाळते, तर सुरक्षा आणि आरोग्याची संहिता प्रथमोपचार आणि अपघाताच्या खबरेचा. जुने कायदे या संहितांमध्ये सामावले गेले असले तरी गाभा फारसा बदललेला नाही. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या हिशेबानेच चालतात.

चूक कोणाची?

अपघात झाला की पहिलं वाक्य हेच कानावर येतं: “त्याचंच लक्ष नव्हतं.” बहुतेक कामगारांनाही मनातून तसंच वाटत असतं आणि ते भरपाई मागायला कचरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने हा प्रश्न बाजूला ठेवला, ही त्याची सर्वात मोठी गोष्ट. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली एवढं पुरतं. मालकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करावं लागत नाही. कामगाराचा हात चुकून पुढे गेला, तो थकलेला होता, डुलकी लागली, या कारणांनी त्याचा हक्क जात नाही.

अपवाद मोजके आहेत. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं उपकरण मुद्दाम काढून टाकलं असेल, आणि अपघात थेट त्यामुळेच झाला असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. हे सगळं सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकाचीच. अपघातात मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर हे अपवाद वापरताच येत नाहीत. दारू प्यायलेल्या कामगाराचा जीव गेला तरी त्याच्या बायकामुलांना भरपाई मिळते, कारण त्याच्या चुकीची शिक्षा त्यांना द्यायची नाही असं कायद्याने ठरवलं आहे.

मशिनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं आवरण, काढलेलं होतं, हा बचाव फार वेळा पुढे केला जातो. ते गार्ड काढलं कोणी आणि कोणाच्या डोळ्यांदेखत, हे विचारलं पाहिजे. उत्पादन वाढावं म्हणून महिनोन्महिने गार्डशिवाय प्रेस चालत असेल आणि सुपरवायझर रोज तिथून जात असेल, तर कामगाराने आज्ञा मोडली असं म्हणायला जागाच उरत नाही.

पेटी कुठे आहे?

कारखान्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, हा कारखाने अधिनियमातला नियम. पेटीवर स्वतंत्र जबाबदार माणूस नेमायचा, त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असायला हवं आणि कामाच्या सर्व वेळांत तो हजर हवा. ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे डॉक्टर-नर्ससह उपचाराची वेगळी खोली लागते. पाचशेचा हा आकडा नव्या संहितेतही कायम आहे आणि तो मोठ्या बांधकामांनाही लागू होतो.

या नियमातले ‘सर्व वेळांत’ हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पेटी असते, पण ऑफिसच्या कपाटात. किल्ली ज्याच्याकडे तो सकाळी नऊला येतो, आणि अपघात होतो तिसऱ्या पाळीत, पहाटे. अशी पेटी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवण्यापुरतीच. प्रत्येक पाळीत प्रशिक्षित माणूस नसेल तर नियम पाळला असं म्हणता येत नाही. पेटीत काय असावं याची यादी नियमांत दिलेली असते आणि तिच्याबाहेरचं काही तिच्यात ठेवायचं नसतं. कोणाच्या डोकेदुखीच्या गोळ्या, कोणाचं मलम, अशी भर पडत गेली की ऐन वेळी निर्जंतुक पट्टी सापडत नाही.

आता प्रत्यक्ष उपचाराचं, कारण पहिल्या दहा मिनिटांत केलेल्या गोष्टी पुढे कोणाला दुरुस्त करता येत नाहीत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जखमेवर सलग, घट्ट दाब द्यायचा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. जखमेत धातूचा तुकडा रुतला असेल तर तो ओढून काढायचा नाही, त्याच्या आजूबाजूने आधार द्यायचा. भाजलं असेल तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, तेल, शाई यांतलं काहीही लावायचं नाही. डोळ्यात ॲसिड किंवा अल्कली उडाली तर तिथल्या तिथे वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मगच दवाखाना. आधी गाडीची वाट बघत बसलं तर तेवढ्यात बुबुळ जळतं. विजेचा झटका बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा.

तुटलेल्या बोटाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे होणारी गफलत नेहमीची आहे. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकतात आणि त्याने पेशी मरतात. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवायची. कामगाराबरोबरच ते पाठवायचं, आणि असं बोट जोडता येतं त्या रुग्णालयात थेट न्यायचं. भरपाईचे पुढचे सगळे हिशेब ते बोट गेल्याने किती टक्के कमाईक्षमता गेली यावर होतात. ते वाचलं तर त्या हिशेबाची गरजच पडत नाही.

प्रथमोपचार केल्यावर रजिस्टरमध्ये नोंद करायची: नाव, तारीख, वेळ, कोणतं मशिन, काय करत असताना काय झालं, कोणी पाहिलं. खरचटलं तरी करायची. आज किरकोळ वाटलेली जखम आठवड्याने चिघळते, आणि मग ती कारखान्यातलीच होती हे सांगणारी एवढी एकच ओळ असते.

खबर द्यायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा नव्हे

अपघातात मृत्यू झाला किंवा इजेमुळे माणूस लगोलग ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याला, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाला, लेखी खबर देणं बंधनकारक आहे. कोणालाही इजा न होता झालेल्या धोकादायक घटनाही कळवाव्या लागतात, जसं की दाबाखालची टाकी फुटणं किंवा क्रेन कोसळणं. कामामुळे होणाऱ्या ठरावीक आजारांची खबर देण्याचं कर्तव्य मालकाबरोबर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे. सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेला माणूस वर्षांनुवर्षं ‘टीबी’ची औषधं घेत राहतो तो बहुतेकदा हे कर्तव्य कोणी पाळलं नाही म्हणून.

याखेरीज भरपाई कायद्याची वेगळी खबर असते. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर सात दिवसांत भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे अहवाल पाठवायचा. हातापायाचं हाड मोडणं, डोळ्याला किंवा कानाला कायमची इजा, किंवा वीस दिवसांहून जास्त काळ कामावर न येता येणं, हे सगळं गंभीर इजेत मोडतं. कामगार ईएसआयमध्ये असेल तर अपघाताचा अहवाल ईएसआयच्या पोर्टलवर २४ तासांत भरायचा, मृत्यू असेल तर ताबडतोब.

कारखानदारांची भीती मला समजते. खबर दिली की इन्स्पेक्टर येणार, कागद तपासणार, काम थांबवणार. पण लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि लपवलेला अपघात विमा कंपनी सर्वात आधी नाकारते. खबर म्हणजे काय घडलं याचं वेळेवर केलेलं वर्णन. त्यात ‘आमची चूक झाली’ असं कुठेही लिहायचं नसतं. सुरक्षेची कर्तव्यं न पाळल्यामुळे मृत्यू झाला असेल तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम कामगाराच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, ही नवी आणि चांगली तरतूद आहे.

कामगारासाठी यातला सर्वात कामाचा सल्ला एकच आहे. दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं जाईल तेव्हा खरं सांगा आणि घरचा कोणी सोबत असेल तर त्याने केसपेपर वाचून बघा. ‘अमुक कंपनीत काम करताना मशिनमध्ये हात सापडून’ एवढे शब्द त्यावर हवेत. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्या. केसपेपरचा फोटो आपल्याजवळ ठेवा.

पैसे किती आणि कोणाकडून

इथे दोन वाटा आहेत आणि एका अपघातासाठी दोन्ही एकदम धरता येत नाहीत. कामगार ईएसआयमध्ये असेल तर पैसे ईएसआय देते आणि मालकाकडे भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. नसेल तर मालकाने स्वतः द्यायचे.

ईएसआय दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी लाभ लागू होतो. उपचार मोफत असतात, काम बंद असेल तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला निवृत्तिवेतन. मालकाने नोंदणीच केली नसेल तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते.

दुसऱ्या वाटेवर गणित वेगळं आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच गुणक. वय जितकं कमी तितका गुणक मोठा, कारण कमाईची वर्षं जास्त गमावलेली असतात. पंचविसाव्या वर्षी २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४. मेख अशी की ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरले जातात.

तीस वर्षांचा वेल्डर, पगार २४,००० रुपये. तो ईएसआयच्या मर्यादेबाहेर आहे. त्याचा मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. त्याचा अंगठा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे कोणत्या इजेला किती टक्के हे सांगणाऱ्या तक्त्यात, त्यासाठी ३० टक्के कमाईक्षमता गेली असं धरलेलं आहे, म्हणून १८,७१,८२० च्या ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा असतो. मालकाने आधी भरलेलं दवाखान्याचं बिल भरपाईतून कापायचं नसतं.

परिशिष्टातली टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्यानुसार हे पूर्ण अपंगत्व ठरत नव्हतं. न्यायालयाने विचारलेला प्रश्न वेगळा होता: एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही, म्हणून त्याची कमाईक्षमता शंभर टक्के गेली असं धरलं गेलं. म्हणूनच डॉक्टरांच्या दाखल्यात नुसती टक्केवारी न घेता, हा माणूस पूर्वीचं काम करू शकतो का याचं स्पष्ट उत्तर लिहून घ्यावं.

त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकाल लागेल त्या दिवशी नाही. महिनाभरात दिली नाही तर व्याज लागतं, जुन्या कायद्यात ते १२ टक्के आहे, आणि वाजवी कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. वरच्या वेल्डरच्या कुटुंबाचे पैसे दोन वर्षं अडवले तर नुसतं व्याज पावणेचार लाखांच्या आसपास जातं. हा दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही. रकमेबद्दल वाद असेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी लगेच द्यायची, हेही कायदाच सांगतो.

तात्पुरतं काम बंद राहिलं तर या वाटेवर फार कमी मिळतं: दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, तेही त्याच १५,००० च्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त साडेसात हजार. १८,००० पगाराच्या कामगाराला ईएसआयमधून याच काळात सुमारे १६,२०० मिळाले असते. पगारातून पाऊण टक्का कापला जातो म्हणून ईएसआय नको म्हणणाऱ्या कामगारांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत. ज्यांना ईएसआय लागू नाही अशा माणसांसाठी मालकाने कामगार भरपाईचा विमा, बोलीभाषेतली डब्ल्यूसी पॉलिसी, घ्यावी. तीत ठेकेदाराची माणसं धरली आहेत का हे आवर्जून बघावं.

ठेकेदाराचा माणूस असेल तर? “तो आमच्या पे-रोलवर नाही” या उत्तराने सुटका होत नाही. आपल्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल, तर मूळ मालकाला भरपाई द्यावी लागते. मग ती ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्या दोघांमधला व्यवहार.

कामावर जाता-येता झालेला अपघात

याबद्दल कायदा बराच बदलला आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सायकलवरून कामावर निघालेल्या एका कामगाराचा ईएसआयचा दावा नाकारला होता. पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती आणि कारखाना एक किलोमीटरवर. २०१० मध्ये ईएसआय कायदा दुरुस्त करून घर ते काम हा प्रवास त्यात आणला गेला. भरपाई कायद्यात मात्र तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो जुलै २०२५ मध्ये. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर असा प्रवास नोकरीच्या ओघातच धरायचा, असं न्यायालयाने म्हटलं. बावीस वर्षं लागली. नव्या संहितेने आता हे थेट लिहूनच टाकलं आहे.

स्टॅम्प पेपरवरचा समझोता

अपघातानंतर काही दिवसांनी कोणीतरी मध्यस्थ घरी येतो. दोन-तीन लाख रोख, ‘माणुसकी म्हणून’, आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही: यापुढे कंपनीवर कोणताही हक्क सांगणार नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, मग नोटरी केलेली असो वा नसो. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे, मर्यादित आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. ही तरतूद मालकाच्याही फायद्याची आहे. चुलत्याच्या हातात पैसे दिले आणि वर्षाने विधवेने दावा केला, तर त्याला पुन्हा पूर्ण रक्कम भरावी लागते.

दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, अपघात किंवा मृत्यूच्या दिवसापासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. जुन्या कायद्यात ज्याला नुकसानभरपाई आयुक्त म्हणत, त्याला नव्या संहितेत सक्षम प्राधिकारी म्हणतात. अर्ज अपघात झाला त्या भागातच करावा लागतो असं नाही. दावा करणारे राहतात तिथल्या किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथल्या प्राधिकाऱ्याकडेही करता येतो. नवरा पुण्याच्या बांधकामावर गेला असेल आणि बायको-मुलं नांदेडच्या गावी परतली असतील, तर अर्ज नांदेडमध्ये द्यावा. सोबत केसपेपर, मृत्यू झाला असल्यास पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, पगाराचा कोणताही पुरावा, वयाचा दाखला आणि बरोबर काम करणाऱ्या एखाद्याचं नाव द्यावं. पगाराची पावती नसेल तर बँकेतली नोंद, हजेरी कार्ड किंवा मुकादमाने मोबाईलवर पाठवलेला हिशेबही चालतो.